वेबसाइटवर ‘मराठी’ निवडलं, मग आकडे आणि तारखाच का अडतात?

बिबवेवाडीचा पिनकोड आहे ४११०३७. फोनचा कीबोर्ड मराठीवर ठेवा आणि देवनागरी आकड्यांत हा पिनकोड एखाद्या ऑनलाइन फॉर्ममध्ये टाकून बघा. बऱ्याच ठिकाणी लाल अक्षरांत उत्तर येईल, ‘कृपया वैध पिनकोड टाका’. गंमत अशी, की हा नकारसुद्धा शुद्ध मराठीत असेल.

म्हणजे वेबसाइट मराठीत बोलते, पण तुम्ही मराठीत उत्तर दिलं की तिला कळत नाही.

हा विषय आत्ता महत्त्वाचा आहे, कारण सरकारी कागदावर मराठीचे दिवस सध्या चांगले आहेत. २०२२ मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी बंधनकारक करणारा कायदा झाला. मार्च २०२४ मध्ये राज्याचं मराठी भाषा धोरण मंजूर झालं आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयाने तर कार्यालयांमधल्या संगणकाच्या कीबोर्डवर रोमन अक्षरांसोबत देवनागरी अक्षरंही हवीत, इथपर्यंत तपशील दिला. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती कर्मचाऱ्यांनी मराठीत बोलण्याची. पण त्या कीबोर्डवरून टाइप केलेलं मराठी पुढे ज्या वेब ॲप्लिकेशनमध्ये जातं, तिथे त्याचं काय होतं हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

संगणकाच्या जगात या कामाला लोकलायझेशन म्हणतात. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘भाषांतर’ इतकाच घेतला जातो. ‘सबमिट’चं ‘सादर करा’ झालं की काम संपलं, असा समज. खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

दाखवता येतो, वाचता येत नाही

आधी आकड्यांचं बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

बहुतेक वेबसाइट ज्या जावास्क्रिप्टवर चालतात, तिला ‘ही संख्या मराठीत दाखव’ असं सांगितलं की ती आपोआप १२,३४,५६७ असं देवनागरी आकड्यांत दाखवते. स्वल्पविरामही लाख-कोटीच्या हिशोबाने बरोबर पडतात. पण त्याच जावास्क्रिप्टला ‘४११०३७ या मजकुराची संख्या कर’ असं सांगा. उत्तर येतं, ही संख्याच नाही. फॉर्ममधला मजकूर तपासायला जी सूत्रं वापरतात, त्यांत ‘अंक’ या खुणेचा अर्थ फक्त इंग्रजी शून्य ते नऊ इतकाच असतो.

पायथॉन नावाच्या दुसऱ्या लोकप्रिय भाषेत मात्र देवनागरी पिनकोड सहज चालतो. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाच्या मर्यादेची नाही. जावास्क्रिप्टमध्येही दहा आकड्यांची अदलाबदल करणारी एक ओळ लिहिली की काम भागतं. ती ओळ कुणी लिहायला सांगितलेली नसते, इतकंच.

याचा त्रास कसा होतो बघा. स्क्रीनवर तुमची थकबाकी देवनागरी आकड्यांत दिसते. तुम्ही तीच रक्कम कॉपी करून भरण्याच्या चौकटीत टाकता आणि तीच वेबसाइट म्हणते, अवैध रक्कम. मग माणूस काय करतो? भाषा बदलून इंग्रजी करतो आणि काम उरकतो. नंतर कुणी तरी आकडेवारी काढून सांगतं, की मराठी पर्याय लोक वापरतच नाहीत.

आता यातला दुसरा पैलू. हीच संख्या हिंदीत दाखवायला सांगितली, तर आकडे इंग्रजी वळणाचे येतात. लिपी देवनागरीच, तरी आकडे वेगळे. असं का? कारण जगभरातले फोन, ब्राउझर आणि संगणक प्रणाली एका सामायिक तक्त्याच्या आधारे चालतात. त्याला सीएलडीआर म्हणतात आणि युनिकोड कन्सोर्शियम ही संस्था तो सांभाळते. प्रत्येक भाषेत महिन्यांची नावं काय, तारीख कशी लिहायची, आकडे कुठले, हे सगळं त्यात नोंदवलेलं असतं. मराठी आणि नेपाळीपुढे ‘देवनागरी आकडे’ अशी नोंद आहे, हिंदीपुढे आंतरराष्ट्रीय आकड्यांची. अरबीत तर देशागणिक फरक आहे. इजिप्तसाठी अरबी आकडे, मोरोक्कोसाठी आंतरराष्ट्रीय.

मग बरोबर काय? या प्रश्नावर संविधान सभेतही खडाजंगी झाली होती. भाषेइतकाच वाद आकड्यांवर झाला. शेवटी अनुच्छेद ३४३ मध्ये संघराज्याच्या कामकाजासाठी ‘भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप’ स्वीकारलं गेलं. शब्दरचना मुद्दाम तशी आहे, कारण ज्यांना आपण इंग्रजी आकडे म्हणतो त्यांचं मूळ इथलंच. पुण्यापासून फार लांब जायला नको. जुन्नरजवळ नाणेघाटात राणी नागनिकेच्या सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात संख्याचिन्हं कोरलेली आहेत. देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे हे एकाच घराण्यातले, लांब गेलेले भाऊ म्हणायला हरकत नाही.

पण भावांच्या चेहऱ्यातलं साम्यच घोटाळा करतं. देवनागरी ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो, १ नवासारखा, ७ उलट्या सहासारखा. अप्पर इंदिरानगरच्या बसच्या पाटीवरचा देवनागरी आकडा पुण्यात नव्याने आलेल्या माणसाला चकवतो तो यामुळेच. आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मराठी मुलांचंही यापेक्षा फार वेगळं नाही. घरात मराठी बोलणारा, पण ८ आणि ४ वाचताना अडखळणारा वर्ग आता मोठा आहे. त्याला बातमी मराठीत हवी असते, बँकेतली शिल्लक मात्र ओळखीच्या आकड्यांत.

त्यामुळे ‘मराठी म्हणजे देवनागरी आकडेच’ किंवा ‘आकडे इंग्रजीच बरे’ असं एकच उत्तर देणं मला पटत नाही. दाखवणं, स्वीकारणं आणि साठवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखवताना वापरणाऱ्याला निवड द्यावी. स्वीकारताना दोन्ही घ्यावेत. साठवताना एकाच रूपात साठवावं. आपल्याकडे या तिन्हींची एकच गाठ मारली जाते आणि मग ती कुठे तरी सुटते.

‘अक्षरी रुपये’ लिहिणं इतकं अवघड का?

पावतीवर रक्कम अंकांत आणि अक्षरांत लिहायची पद्धत जुनी आहे. इंग्रजीत हे प्रोग्रामला सोपं जातं. वीस आणि एक हे दोन शब्द शेजारी ठेवले की एकवीस तयार. मराठीत एकवीस, एकतीस, एकेचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट... सूत्र हाती लागेपर्यंत निसटतं. नव्व्याण्णवपर्यंतचे शब्द जवळजवळ सगळे स्वतंत्रपणे यादीत घालावे लागतात. इंग्रजी सूत्र उचलून मराठीत आणलं तर ‘वीस एक’ छापून येतं.

हा शब्द ओळखीचा वाटला ना? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीने ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे मुलांना संख्या अवघड जातात. त्या वादात कुणाची बाजू घ्यायची ते घ्या, पण प्रोग्रामरला नेमकी तीच अडचण येते. फक्त त्याच्याकडे पाठांतराचा पर्याय आहे. शंभर शब्दांची यादी एकदा नीट केली की संगणक ती विसरत नाही. आणि यादी करतोच आहोत तर दीडशे, अडीचशे, साडेतीन हजार हेही त्यात यायला हवेत. ‘तीनशे पन्नास’ला कुणी साडेतीनशे म्हटलं नाही तर अर्थ बदलत नाही, पण ऐकणाऱ्याला तो माणूस बाहेरचा वाटतो.

वेळेचंही तसंच. सीएलडीआरच्या तक्त्यात मराठीसाठी पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री असे दिवसाचे भाग नोंदवून ठेवलेले आहेत. तरी कितीतरी मराठी पानांवर ‘एएम-पीएम’ दिसतं, कारण ते भाग मागवण्याची सोय कुणी वापरलेली नसते.

१ मेची ३० एप्रिल

तारखेचा घोळ आकड्यांपेक्षा जास्त महागात पडतो, कारण तो लगेच दिसत नाही.

०५/०६/२०२५ ही ५ जून की ६ मे? आपल्यासाठी ५ जून. अमेरिकन पद्धतीने चालणाऱ्या प्रोग्रामसाठी ६ मे. दिवस तेरा किंवा त्यापुढचा असेल तर निदान चूक उघडकीस येते, कारण तेरावा महिना नसतो. बाराच्या आतल्या तारखा निमूटपणे उलट्या साठवल्या जातात.

दुसरी चूक आणखी गुपचूप होते. समजा एका बाळाचा जन्म १ मे २०२४ चा आहे. पालकांनी फॉर्ममध्ये दिनदर्शिकेतून १ मे निवडला. ब्राउझरने त्याचा अर्थ लावला १ मे, मध्यरात्री बारा वाजता, भारतीय वेळ. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे सर्व्हरकडे पाठवताना तीच वेळ झाली ३० एप्रिल, संध्याकाळचे साडेसहा. प्रोग्रामने त्यातला तास-मिनिटांचा भाग कापला आणि फक्त तारीख ठेवली. झालं. नोंदीत जन्मतारीख ३० एप्रिल.

एका दिवसाने काय बिघडतं? याच उदाहरणात बरंच काही. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहिणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. तारीख एक दिवस मागे गेली की हे बाळ कागदोपत्री त्या नियमाच्या बाहेर. न्यूयॉर्कमध्ये बसून हाच प्रोग्राम तपासला असता तर चूक दिसलीच नसती. तिथली वेळ प्रमाणवेळेच्या मागे आहे, त्यामुळे मध्यरात्रीची तारीख बदलत नाही. म्हणून ही चूक आपल्यासारख्या पूर्वेकडच्या देशांच्या वाट्याला जास्त येते.

आणि तो नियम पाळायचा तर नावासाठी खाने किती लागतील, हेही बघा. परदेशी साच्यावरून आलेल्या फॉर्ममध्ये तीन असतात. पहिलं, मधलं, शेवटचं. आपल्याला आता चार हवेत. तीन खान्यांत चार नावं कोंबली की आईचं नाव कुणी पहिल्या खान्यात घालतं, कुणी मधल्या, आणि पुढे दोन कागदपत्रांवरची नावं जुळत नाहीत. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, त्याची भर वेगळीच.

तारखेच्या बाबतीत एक चांगलं उदाहरण सरकारी कागदावरच सापडतं. प्रत्येक शासन निर्णयावर वरती दिनांक असतो, दिवस-महिना-वर्ष अशा आपल्या क्रमाने. त्याच निर्णयाला एक लांबलचक संगणक संकेतांकही असतो, त्याची सुरुवात वर्ष-महिना-दिवस अशी होते. माणसासाठी एक रूप, यंत्रासाठी दुसरं. मंत्रालयाला हे जमलेलं आहे, तर तेच तत्त्व फॉर्म बनवणाऱ्यांना सांगणं अवघड नसावं.

‘पुणे मध्ये’ वाचल्यावर खटकतं का?

‘तुमची ऑर्डर पुणे मध्ये पोहोचली.’ अर्थ कळतो, तरी दाताखाली खडा आल्यासारखं होतं. प्रोग्राममध्ये एक वाक्य लिहून ठेवलेलं असतं आणि शहराच्या जागी मोकळी चौकट असते. इंग्रजीत त्या चौकटीत कुठलंही नाव टाका, चालतं. मराठीत नावच बदलतं. पुणे, पुण्यात. सातारा, साताऱ्यात. ठाणे, ठाण्यात. बिबवेवाडी मात्र बिबवेवाडीत. शाळेत सामान्यरूप नावाचा धडा होता, तो हाच.

यावर मराठी वर्तमानपत्रांनी आणि लग्नपत्रिकांनी फार पूर्वीच उपाय शोधलेला आहे. ‘पुणे येथे’. ‘श्री. अमुक यांनी’. ‘येथे’ आणि ‘यांनी’ लावलं की नावाला हात लावावा लागत नाही. ‘स्नेहा ने फोटो टाकला’ असं सुटं सुटं लिहिण्याऐवजी ‘स्नेहा यांनी फोटो टाकला’ लिहिलं की सामान्यरूपाची भानगड मिटते. थोडं औपचारिक होतं, पण चुकीचं होत नाही. हा उपाय सुचायला मराठी येणारा माणूस वाक्य लिहिताना हजर असावा लागतो. सुट्या शब्दांची यादी भाषांतराला पाठवली की ‘क्लोज’चं ‘जवळ’ होऊन येतं, कारण यादीत संदर्भ नसतो.

संख्येनुसार शब्द बदलतो तेही एका अनुस्वारावर. १ दिवसापूर्वी, २ दिवसांपूर्वी. तक्त्यात ही दोन्ही रूपं बरोबर नोंदवलेली आहेत, फुकट मिळतात.

लांबीचं गणितही वेगळं. ‘बिबवेवाडी’त आपल्याला पाच अक्षरं दिसतात, संगणकाला नऊ, कारण वेलांटी, मात्रा, काना हे सगळे तो सुटे मोजतो. आठ अक्षरांची मर्यादा घातलेल्या चौकटीत आपला भाग ‘बिबवेवाड’ होतो. एसएमएसमध्ये इंग्रजी मजकुराची मर्यादा १६० अक्षरांची, देवनागरीची ७०. तीच सूचना मराठीत पाठवायची तर अनेकदा दोन-तीन एसएमएसचे पैसे पडतात. पाणी बंद असल्याचा निरोप इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या मराठीत येण्यामागे हेही एक साधं, हिशोबी कारण असू शकतं.

दिसायला एक, आतून दोन

सोशल मीडियावर असाल तर हे करून बघा. ‘ॲप’ हा शब्द शोधा. अक्षर ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतं. एक, त्याचं स्वतंत्र चिन्ह, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरं, ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. एका पद्धतीचा हॅशटॅग दुसरीला सापडत नाही. गोऱ्हे, कुऱ्हाडे अशा आडनावांतल्या अर्ध्या र चंही तसंच. तो लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि शोधयंत्राने त्या एकत्र केल्या नाहीत तर यादीत नाव असूनही ‘नोंद आढळली नाही’ येतं. हॅशटॅग हुकला तर एक लाइक कमी. लाभार्थ्यांच्या यादीत नाव हुकलं तर त्या माणसाला कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात.

पान कुठल्या भाषेत आहे ही एक छोटी खूण प्रत्येक वेबपानाच्या मुळात असते. ती ‘मराठी’ ठेवली तर सोय असलेला फाँट २००९ च्या शासन निर्णयात सांगितलेला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ दाखवतो. दृष्टिहीन व्यक्तीसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर याच खुणेवरून मराठी आवाज निवडतं. मजकूर मराठी आणि खूण इंग्रजी, असं असलं तर त्या वाचकाला काय ऐकू येत असेल, कल्पना करा.

मग हे ठरवायचं कुणी?

या गोष्टीचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये पुण्यात झाली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं जिस्ट हे तंत्रज्ञान आयआयटी कानपूरमधून इथे आलं आणि वाढलं. त्याच काळातल्या इस्की या भारतीय मानकाची अक्षरांची मांडणी युनिकोडने देवनागरीसाठी उचलली. म्हणजे आज जगभरात कुठेही मराठी टाइप झालं तरी आतली रचना त्या भारतीय कामाची आहे. रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयात लोहित नावाचे मुक्त फाँट सांभाळले गेले. आणि बिबवेवाडीतच अप्पर इंदिरानगरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जिथून दरवर्षी फॉर्म बनवणारी नवी पिढी बाहेर पडते. अशा शहरात पिनकोडची चौकट देवनागरी आकडे नाकारत असेल, तर ज्ञान कमी पडलं असं म्हणता येत नाही. ते काम कुणाच्या करारात लिहिलेलं नव्हतं.

करारात लिहायला फार जागा लागत नाही. दोन्ही प्रकारचे आकडे स्वीकारावेत. जन्मतारीख ही वेळ म्हणून नाही, तारीख म्हणून साठवावी. नावाला चार खाने असावेत. ‘ॲ’ आणि अर्धा ‘र’ शोधताना एक धरावा. भाषांतर सुट्या शब्दांचं नाही, पूर्ण वाक्याचं मागवावं. काम ताब्यात घेताना अधिकाऱ्याने पहिला अर्ज स्वतः, पूर्णपणे मराठी कीबोर्डने भरून पाहावा. कीबोर्डवर देवनागरी अक्षरं छापण्यापेक्षा याला खर्चही कमी येईल.

उरतो तक्त्याचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यांच्या भाषेत तारीख, आकडे, महिने कसे दिसावेत हे ज्या सीएलडीआरमध्ये ठरतं, तिथे ठराविक काळाने सूचना आणि मतं मागवली जातात. त्यासाठी एक ऑनलाइन साधन आहे, स्वयंसेवकांना खातं मागता येतं, चुकीची नोंद दिसली तर तक्रार करता येते. मराठीच्या पानावर अंकांच्या रकान्यात आज ‘देवा’ असा चार अक्षरी रोमन संकेत आहे. देवनागरीचा तो संक्षेप.